प्रकाशाची शस्त्रक्रिया : अष्ठीला ग्रंथीची वृद्धी आणि लेसर



लखनौ हे अदबीने बोलणाऱ्यांचे शहर आहे. अवघड गोष्ट थेट न सांगता सूचित करावी, समोरच्याला संकोच वाटेल असा शब्द टाळावा, ही येथील जुनी रीत. या रीतीने काव्य संपन्न झाले आणि सामाजिक व्यवहार मृदू झाला, हे खरेच आहे. तथापि शरीराच्या काही तक्रारी अशा असतात की त्यांच्या बाबतीत संकोच फार महाग पडतो. उतारवयातील पुरुषाला लघवीचा होणारा त्रास ही त्यांतील एक. घरातील वडीलधारे गृहस्थ रात्रीतून चार वेळा उठतात, मुशायऱ्याला किंवा लग्नसमारंभाला जाण्याचे टाळू लागतात, रेल्वेच्या प्रवासापूर्वी दिवसभर पाणी पीत नाहीत. आणि कोणी विचारलेच तर ‘उम्र का तकाज़ा है’ एवढे म्हणून विषय संपवतात. वयाचा हा तगादा बहुधा एका लहानशा ग्रंथीच्या वाढीचा असतो. त्यावर आज लेसर किरणांनी शस्त्रक्रिया करता येते. या नव्या साधनाने नेमके काय साधले आणि काय साधलेले नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम या ग्रंथीची ओळख करून घेणे इष्ट ठरेल. वैद्यकीय व्यवहारात तिला प्रोस्टेट म्हणतात. मराठीत पुरःस्थ किंवा अष्ठीला ग्रंथी असे शब्द रूढ आहेत. ती फक्त पुरुषांच्या शरीरात असते. मूत्राशयाच्या अगदी खाली, गुदाशयाच्या पुढे तिचे स्थान आहे. तरुण पुरुषात तिचा आकार अक्रोडाएवढा आणि वजन सुमारे 20 ग्रॅम असते. वीर्याचा काही द्रवांश तयार करणे हे तिचे कार्य. मूत्राशयातून निघणारा मूत्रमार्ग या ग्रंथीच्या मधोमध जातो, ही शरीररचनेतील गोष्ट पुढील सर्व त्रासाच्या मुळाशी आहे. ग्रंथी आतल्या बाजूने वाढू लागली की हा मार्ग चोहोंकडून आवळला जातो.

अष्ठीला हा शब्दही पुरातन आहे. सुश्रुतसंहितेत मूत्र अडण्याचे जे प्रकार वर्णिले आहेत, त्यांत वाताष्ठीला नावाचा एक प्रकार आहे. गुद आणि बस्ती यांच्या मधल्या जागेत दगडगोट्यासारखी घट्ट गाठ होते आणि तिच्यामुळे मलमूत्राची वाट अडते, असे तिचे वर्णन आहे. प्राचीन वैद्यांना आजच्या अर्थाने ही ग्रंथी ज्ञात होती की नव्हती, याबद्दल मतभेद होऊ शकेल; पण रुग्णाचे दुःख त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते, हे निश्चित.

ही वाढ का होते? तिचे मूळ पुरुषी संप्रेरकात आहे. वृषणांत तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचे ग्रंथीच्या पेशींत अधिक प्रभावी अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर होते आणि त्याच्या प्रभावाखाली वर्षानुवर्षे पेशींची संख्या वाढत राहते. यौवनप्राप्तीपूर्वीच ज्यांचे वृषण काढले गेले, अशा पुरुषांत ही वाढ आढळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यास साठीच्या सुमारास जवळजवळ निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत ती दिसते, आणि पंच्याऐंशी वर्षांनंतर दहांपैकी नऊ जणांत. म्हणजे तिला वार्धक्याची सोबतीण म्हणण्यास हरकत नाही. पण वाढ झालेल्या प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. ग्रंथी मोठी असूनही निश्चिंत असलेले वृद्ध पुष्कळ आहेत, आणि लहानशा वाढीने बेजार झालेलेही आहेत.

खरा धोका ग्रंथीला नसून तिच्या वर असलेल्या अवयवांना असतो. वाट अरुंद झाली म्हणजे मूत्राशयाला अधिक जोर लावावा लागतो. त्याच्या भिंती जाड होतात. धार बारीक पडते, ती मध्येच तुटते, सुरू होण्यास वेळ लागतो. मूत्राशय चिडखोर बनून थोड्याशा साठ्यानेही घाई करू लागतो. पुढे तो थकतो. लघवी झाल्यावरही आत काही शिल्लक राहू लागते. त्या साचलेल्या मूत्रात जंतू वाढतात, खडे होतात. कधी एखाद्या रात्री लघवी पूर्णच अडते आणि असह्य वेदनांनी तडफडणाऱ्या वृद्धाला रुग्णालयात न्यावे लागते. उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीत सर्दीखोकल्यासाठी घेतलेले साधे औषधही असा प्रसंग आणू शकते, कारण त्यांतील काही औषधे मूत्राशयाचे मुख आवळतात किंवा त्याचे आकुंचन मंद करतात.

वेदना देणारी ही अडवणूक त्यातल्या त्यात बरी म्हणावी लागेल, कारण तिच्यामुळे रुग्ण वैद्याकडे पोहोचतो. दुसरा प्रकार मुकाट असतो. मूत्राशय हळूहळू ताणला जातो, दुखत नाही, आणि भरून वाहणाऱ्या माठाप्रमाणे थेंब थेंब गळत राहतो. कपडे ओले होऊ लागल्याने म्हातारा शरमतो आणि आणखीच गप्प बसतो. इकडे मूत्राचा दाब मागे सरकून मूत्रपिंडांपर्यंत जातो. भूक मंदावते, चेहरा सुजतो, मळमळू लागते. त्या वेळी रक्ततपासणी केली असता मूत्रपिंडे निकामी होऊ लागल्याचे आढळते. संकोचाची किंमत ती हीच.

असे असले तरी लघवीची तक्रार म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असे समीकरण मांडणे चुकीचे आहे. 1992 साली अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने सात प्रश्नांची एक गुणपत्रिका तयार केली. लघवी पूर्ण होत नाही असे किती वेळा वाटते, रात्री किती वेळा उठावे लागते, जोर करावा लागतो का, असे ते साधे प्रश्न आहेत. प्रत्येकास शून्य ते पाच गुण, एकूण 35. सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीस आणि त्यापुढे तीव्र. सौम्य त्रासात बहुधा धीर आणि देखरेख पुरते. संध्याकाळनंतर चहा व पाणी कमी करावे, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, इतर औषधांचा आढावा घ्यावा, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. मध्यम त्रासात औषधे आहेत. त्यांतील एक वर्ग मूत्राशयाच्या मुखाशी असलेले स्नायू सैल करतो. त्याचा गुण काही दिवसांतच येतो, मात्र उठताना चक्कर येण्याचा संभव असतो. दुसरा वर्ग वर सांगितलेले संप्रेरकाचे रूपांतर रोखतो. त्याने मोठी ग्रंथी आकसते, पण त्यासाठी सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ वाट पाहावी लागते. औषधांनी भागत नसेल, लघवी वारंवार अडत असेल, मूत्राशयात खडे झाले असतील, रक्त किंवा जंतुसंसर्ग पुनःपुन्हा होत असेल, अथवा मूत्रपिंडांवर ताण आला असेल, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार टाळता येत नाही.

या शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा एक धागा याच प्रदेशातून जातो, ही गोष्ट फारशी प्रसिद्ध नाही. पीटर फ्रेयर नावाचे आयर्लंडमध्ये जन्मलेले एक शल्यचिकित्सक 1875 साली भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल झाले. त्यांच्या नोकरीचा मोठा काळ आजच्या उत्तर प्रदेशात गेला. त्या काळी या भागात मूत्राशयातील खड्यांचा विकार फार होता. पोट न चिरता, मूत्रमार्गातून उपकरण घालून खडा आतच फोडावयाचा आणि त्याचे कण धुऊन काढावयाचे, या पद्धतीत फ्रेयर यांनी विलक्षण प्रावीण्य मिळवले. तिच्यावर त्यांनी ग्रंथही लिहिला. रामपूरच्या नबाबांवर उपचार केल्याबद्दल मिळालेल्या भल्यामोठ्या बिदागीवरून सरकारशी त्यांचा जो वाद झाला, तोही त्या काळी गाजला. सेवानिवृत्तीनंतर ते लंडनला गेले आणि 1 डिसेंबर 1900 रोजी त्यांनी वाढलेल्या अष्ठीला ग्रंथीवर आपली पहिली मोठी शस्त्रक्रिया केली. तिचा वृत्तांत 1901 साली प्रसिद्ध झाला. असे काम न्यूयॉर्कच्या यूजीन फुलर यांनी आधीच केले होते, असा आक्षेप निघाला व त्यावर दीर्घ वाद चालला. परंतु ही शस्त्रक्रिया जगभर रूढ करण्याचे श्रेय फ्रेयर यांच्याकडेच जाते. 1912 पर्यंत त्यांनी अशा हजार रुग्णांचा अनुभव जाहीर केला होता.

फ्रेयर यांची कृती समजून घेतल्यास लेसरचे मर्मही समजेल. ओटीपोटावर छेद घेऊन ते मूत्राशय उघडीत. एका हाताचे बोट गुदद्वारातून घालून ग्रंथी खालून वर उचलून धरीत, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने मूत्राशयाच्या आतून ती सोलून काढीत. संत्र्याची साल तशीच ठेवून आतला गर बोटाने सुटा करावा, तसा हा प्रकार होता. आपण सबंध ग्रंथी काढतो, असे स्वतः फ्रेयर यांना वाटत होते. वस्तुतः निघत होता तो आतला वाढलेला भाग; बाहेरची साल, म्हणजे मूळ ग्रंथीचा दाबला गेलेला थर, शरीरातच राहत होता. साल आणि गर यांच्यामध्ये निसर्गानेच एक पातळी ठेवलेली आहे. ती बोटाला सापडली की काम काही मिनिटांत होई. मात्र पोट चिरावे लागे आणि रक्तस्राव फार होई. तरीसुद्धा जन्मभर रबरी नळीने लघवी काढण्याचा शाप ज्यांच्या वाट्याला येत असे, त्यांना हे जीवदानच होते.

पुढच्या पिढीने चीर टाळण्याचा मार्ग शोधला. 1926 साली मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी मूत्रमार्गातून आत जाणारे, विजेच्या तारेने ग्रंथीचे काप काढणारे उपकरण पुढे आणले आणि नंतरच्या काही वर्षांत जोसेफ मॅकार्थी यांनी त्यात मोलाची सुधारणा केली. आपल्याकडे लोक जिला ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ म्हणतात, ती हीच. वैद्यकीय भाषेत तिला टी.यू.आर.पी. असे संक्षिप्त नाव आहे. तापलेल्या तारेने आतील गर काप काप करून कोरून काढला जातो आणि वाट मोकळी होते. अर्धशतकाहून अधिक काळ हीच पद्धती श्रेष्ठ मानली गेली आणि आजही ती टाकाऊ झालेली नाही. तिच्या मर्यादा दोन होत्या. ग्रंथी फार मोठी असल्यास वेळ आणि रक्तस्राव दोन्ही वाढत. शिवाय विजेच्या तारेमुळे आत सोडावयाचे पाणी क्षारविरहित ठेवावे लागे. ते कापलेल्या शिरांतून अधिक प्रमाणात रक्तात शिरल्यास सोडियमचे प्रमाण घटून रुग्णाला भ्रम होई, क्वचित प्राणावर बेते. विजेची नवी उपकरणे मिठाच्या पाण्यातही चालतात, त्यामुळे हा दुसरा धोका आता पुष्कळ कमी झाला आहे.

येथे लेसरचा प्रवेश होतो. 16 मे 1960 रोजी थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर किरण निर्माण केला. एकाच तरंगलांबीचा, न पसरता सरळ जाणारा, सूक्ष्म बिंदूवर केंद्रित होणारा हा प्रकाश आहे. चारच वर्षांनी, 1964 साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चंद्रकुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर तयार केला. पटेल यांचा जन्म महाराष्ट्रातील बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. त्यांचा हा लेसर उद्योगात आणि शस्त्रक्रियेत मान्यता पावला. परंतु त्याचा किरण नेहमीच्या काचतंतूतून वाहून नेता येत नाही आणि पाण्यात तर तो तत्काळ शोषला जातो. मूत्राशय म्हणजे पाण्याने भरलेली पोकळी. तेथे जाण्यासाठी दुसरा प्रकाश हवा होता आणि तो वाहून नेणारा लवचीक तंतूही हवा होता. अशा काचतंतूंच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांचे नाव अग्रगण्य आहे. हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह त्यांनी 1954 साली काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेऊन दाखवली होती.

किरण कोणता, यावर सर्व काही अवलंबून असते. 1990 नंतरच्या पहिल्या प्रयत्नांत 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा निओडिमियम लेसर वापरण्यात आला. तो ऊतकात कित्येक मिलिमीटर खोल शिरून ते भाजून काढी. रक्त सांडत नसे. पण भाजलेला भाग आठवडेच्या आठवडे गळत राही, आग होई आणि नळी पुष्कळ दिवस ठेवावी लागे. त्यानंतर 532 नॅनोमीटरचा हिरवा किरण आला. तो रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये शोषला जातो, उथळ राहतो आणि ऊतकाची वाफ करतो. रक्तस्रावाची भीती असलेल्या रुग्णांना तो विशेष उपयोगी ठरला. मात्र वाफ झालेला भाग तपासणीसाठी हाती उरत नाही, हा त्याचा दोष.

तिसरा किरण होल्मियम या धातूचा. त्याची तरंगलांबी सुमारे 2.1 मायक्रॉन. तो पाण्यात शोषला जातो आणि ऊतकात अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी शिरतो. सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या तंतूच्या टोकाशी प्रत्येक स्पंदाबरोबर वाफेचा एक बुडबुडा उठतो आणि त्याच्या धक्क्याने थर विलग होतात. त्याच वेळी लहान रक्तवाहिन्या बंद होतात. न्यूझीलंडमधील तौरंगा येथील पीटर गिलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी 1990 च्या दशकात या गुणाचा उपयोग केला. त्यांनी गराचे काप काढणे सोडून तो सालीपासून अखंड सोलण्यास प्रारंभ केला. सुटलेला गर मूत्राशयात ढकलावयाचा, तेथे एका यंत्राने त्याचा कीस करावयाचा आणि तो शोषून बाहेर घ्यावयाचा. म्हणजे फ्रेयर यांच्या बोटाला जी पातळी सापडली होती, तीच आता चीर न देता, प्रकाशाच्या टोकाने धुंडाळली जाऊ लागली. शस्त्र नवे, वाट जुनी. अलीकडे थुलियम धातूच्या लेसरनेही हेच काम केले जाते.

यातून रुग्णाला काय मिळाले? रक्तस्राव कमी झाला. काम प्रथमपासूनच मिठाच्या पाण्यात होत असल्याने सोडियम घटण्याचा धोका टळला. नळी बहुधा एकदोन दिवसांत निघते. शंभर ग्रॅमहून मोठी ग्रंथीही पोट न चिरता काढता येते. हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्या वृद्धांना पूर्वी शस्त्रक्रिया नाकारली जाई. त्यांतील अनेकांना आता ती घेता येते. वाढलेला भाग जवळजवळ पूर्ण निघत असल्याने पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते.

पण लेसर या शब्दाभोवती जे वलय निर्माण झाले आहे, ते दूर सारूनच निर्णय घेतला पाहिजे. बाहेरून किरण सोडला आणि गाठ विरघळली, असा हा प्रकार नाही. कमरेखालचा भाग बधिर करावा लागतो किंवा संपूर्ण भूल द्यावी लागते, उपकरण मूत्रमार्गातूनच आत जाते, नंतर नळी राहते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शल्यचिकित्सकांनी 40 ग्रॅमहून मोठ्या ग्रंथींवरील तीन पद्धतींची तुलना 2006 साली प्रसिद्ध केली होती. होल्मियमच्या पद्धतीत रक्त कमी गेले, पण लघवीची धार सुधारण्याच्या दृष्टीने विजेची जुनी पद्धतीही तोडीस तोड ठरली. शस्त्रक्रियेनंतर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते, हा परिणाम दोन्ही पद्धतींत बहुसंख्य रुग्णांत होतो. त्याने पौरुषशक्ती सहसा जात नाही. परंतु ही गोष्ट आधी सांगितली गेली नाही, तर रुग्णाच्या मनाला धक्का बसतो. काहींना सुरुवातीचे आठवडे खोकताना किंवा उठताना लघवीवर ताबा राहत नाही. बहुतेकांत तो पुढे परत येतो. कालांतराने मूत्रमार्ग अरुंद होण्याचा संभवही थोड्या रुग्णांत असतो.

आणखी एक गोष्ट हाताच्या कौशल्याची. ही पातळी शोधण्याची विद्या सहज साध्य होत नाही. वीस ते पन्नास शस्त्रक्रिया शिकण्यात जातात, असे सामान्यतः मानले जाते. यंत्र विकत आणल्याने कौशल्य आपोआप येत नाही. म्हणून कोणत्या लेसरने करणार, हे विचारण्याआधी अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या आहेत, हे विचारणे अधिक शहाणपणाचे आहे. विजेच्या तारेवर हुकमत असलेला शल्यचिकित्सक हा लेसर नुकताच हाती घेतलेल्या चिकित्सकापेक्षा रुग्णाच्या अधिक हिताचा ठरू शकतो.

कर्करोगाविषयीचा गैरसमजही येथे दूर करणे आवश्यक आहे. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचे रूपांतर कर्करोगात होत नाही. पण दोन्ही विकार एकाच वयात, एकाच अवयवात होऊ शकतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी बोटाने तपासणी आणि आवश्यक तर रक्ततपासणी केली जाते, आणि काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. संत्र्याची साल शरीरातच राहिलेली असते, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढेही अधूनमधून तपासणी का हवी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

लखनौला या बाबतीत साधनांची वाण नाही. 1911 साली सुरू झालेले आणि आज विद्यापीठाच्या दर्जाला पोहोचलेले किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय येथे आहे. 1983 च्या कायद्याने स्थापन झालेली संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्था रायबरेली मार्गावर उभी आहे. दोन्ही ठिकाणी मूत्ररोगांचे स्वतंत्र विभाग आहेत आणि सीतापूर, गोंडा, बहराइच येथपासून रुग्ण त्यांच्या दाराशी येतात. अडचण असते ती दारापर्यंत येण्याच्या वेळेची. खेड्यातील वृद्ध घरच्यांवर खर्चाचा बोजा नको म्हणून थांबतो, शहरातील वृद्ध लाजेखातर थांबतो. दोघेही उशिरा पोहोचतात. तोवर थकलेल्या मूत्राशयाला किंवा सुकत चाललेल्या मूत्रपिंडाला कोणताही किरण पूर्ववत करू शकत नाही. वाट मोकळी करणे एवढेच त्याच्या हाती आहे. वाटेच्या वर जे बिघडले ते बहुधा तसेच राहते.

यासाठी पहिले पाऊल रुग्णालयात पडण्यापूर्वी घरात पडले पाहिजे. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाने आपली धार मंदावली आहे काय, याकडे लक्ष द्यावे आणि ते सांगण्यात कमीपणा मानू नये. मुलाने वडिलांना, पत्नीने पतीला हा प्रश्न आदबीनेच, पण विचारावा. मूत्राची साधी तपासणी, रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी आणि लघवीनंतर मूत्राशयात किती शिल्लक राहते हे पाहणारी सोनोग्राफी, एवढ्यावरून पुष्कळसे कळते. बहुसंख्य लोकांना एवढ्यानंतर धीर आणि औषध याखेरीज काही लागणार नाही. ज्यांना शस्त्रक्रिया लागेल, त्यांच्यासाठी आज सव्वाशे वर्षांचा अनुभव आणि प्रकाशाचे नवे शस्त्र दोन्ही सिद्ध आहेत. मात्र त्यांचा पुरेपूर लाभ वेळेवर येणाऱ्यालाच होतो.